दोन शेक : तरुणांचा अस्थिकर्करोग आणि किरणोपचाराचा इतिहास

किरणोपचाराला आपल्या भागात कोणी किरणोपचार म्हणत नाही. 'शेक' म्हणतात, नाहीतर 'लाइट' म्हणतात. 'पोराला मुंबईला शेक चालू आहे' एवढे वाक्य महाडच्या एसटी स्थानकावर कानी पडले, की ऐकणारा काय ते समजतो आणि पुढचे विचारीत नाही. शब्द सोयीचा आहे, पण फसवाही आहे. गुडघा सुजला म्हणजे वीट तापवून किंवा निर्गुडीचा पाला बांधून घरी जो देतात, तोही शेकच. पहिल्या शेकाने काही मुलांचे प्राण वाचतात. दुसऱ्या शेकात पुष्कळदा मोलाचे महिने निघून जातात. या दोन शेकांतले अंतर कसे पडले आणि किरणांचे खरे सामर्थ्य किती, हे इतिहासाच्या अंगाने पाहावे, असा आजच्या विषयाचा हेतू आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. कर्करोग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तंबाखू खाणारा प्रौढ मनुष्य उभा राहतो. हाडातच उगम पावणारा कर्करोग मात्र निराळा. त्याचा मोठा भर दहा ते वीस या वयावर असतो, म्हणजे ज्या वयात मुलगा वर्षाला एक इयत्ता चढतो आणि त्याची विजार दर सहा महिन्यांनी आखूड होते त्या वयावर. त्याचा तंबाखूशी संबंध नाही, आईबापांच्या काही चुकण्याशी नाही. यातले दोन प्रकार मुख्य. एक ऑस्टिओसार्कोमा, तो बहुधा गुडघ्याच्या आसपास, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला किंवा नडगीच्या वरच्या टोकाला होतो, कारण हाडाची वाढ तेथेच सर्वांत जोरात चालू असते. दुसरा युइंग सार्कोमा; तो लांब हाडांच्या मधल्या भागात, कमरेच्या हाडात, बरगड्यांत आणि मणक्यांतही आढळतो.

रोग दुर्मिळ आहे. सर्व वयांचा विचार केला तर दहा लाख लोकांमागे वर्षाला मोजकेच रोगी निघतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांची मिळून वस्ती सव्वादोन लाखांच्या घरात होती. म्हणजे दोन्ही तालुक्यांत मिळून वर्षाला एखादा रोगी निघायचा, एखाद्या वर्षी तोही नाही. या हिशेबात समाधान आहे तसा धोकाही आहे. गावच्या डॉक्टराला साऱ्या हयातीत असा रोगी एकदा किंवा दोनदा दिसणार. गुडघेदुखीची बाकी शेकडो मुले लागल्याने, पडल्याने, कबड्डी खेळल्याने आलेली असणार. त्या शेकड्यांतून एक ओळखायचा, हे काम सोपे नव्हे.

आता इतिहासाकडे वळू. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्यूर्त्सबुर्ग येथे प्राध्यापक राँटगेन यांना एका अज्ञात किरणाचा शोध लागला. गणितात अज्ञात राशीला जसे 'क्ष' म्हणतात, तसे त्याला क्ष-किरण हे नाव पडले. काही आठवड्यांनी त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे जे छायाचित्र घेतले, त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट उमटली. जिवंत माणसाचे हाड न चिरता डोळ्यांना दिसले ते तेव्हा. १८९६ साली बेक्वेरेल यांना युरेनियमचे किरण सापडले आणि १८९८ च्या अखेरीस मेरी व पिएर क्युरी यांनी रेडियम जगापुढे आणले. हे किरण कातडी भाजतात, केस गळवतात, हे हाताळणाऱ्यांच्या ध्यानात लवकर आले. आणि जे चांगल्या मांसाला जाळते ते वाईट मांसालाही जाळील, या तर्काने क्ष-किरणांचा आणि मागाहून रेडियमचा कर्करोगावर प्रयोग सुरू झाला.

पण हे नुसते जाळणे नव्हे, हे समजायला वीस-पंचवीस वर्षे गेली. किरण पेशीच्या केंद्रातील जनुकद्रव्य तोडतात. निरोगी पेशी ही तूट बऱ्याच अंशी सांधून घेते. रोगी पेशीला तितके साधत नाही आणि पुढे विभागताना ती मरते. पॅरिसमध्ये क्लॉद रगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग करून दाखविले, की सारी मात्रा एकदम दिली तर कातडी जळते. तीच अनेक दिवसांत वाटून दिली तर कातडी टिकते आणि आतले कार्य साधते. आजही रोग्याला पाच-सहा आठवडे रोज थोडा थोडा 'शेक' देतात, त्याचे मूळ येथे आहे. 'एवढे महिनाभर कशाला थांबवून ठेवतात, एकदाच देऊन मोकळे का करीत नाहीत?' असे पुष्कळ नातेवाईक विचारतात. त्यांना देण्याजोगे उत्तर हेच.

हाडाच्या कर्करोगाच्या इतिहासातील पहिली मोठी घटना १९२१ सालची. न्यूयॉर्कचे रोगविज्ञानवेत्ते जेम्स युइंग यांच्यापुढे चौदा वर्षांच्या एका मुलीचा रोग आला. तिच्या हाताच्या हाडात गाठ होती. हाडाचा नेहमीचा कर्करोग किरणांना दाद देत नाही असा तोवरचा अनुभव. ही गाठ मात्र रेडियमने वितळू लागली. युइंग यांनी यावरून निष्कर्ष काढला, की हा रोगच निराळा आहे. सूक्ष्मदर्शकाने त्यांचे म्हणणे उचलून धरले आणि त्या रोगाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. किरण या ठिकाणी औषध म्हणून तर आलेच, पण परीक्षक म्हणूनही आले. एकाच नावाखाली मोडणारे दोन रोग त्यांनी वेगळे करून दाखविले. युइंग सार्कोमा किरणांपुढे वितळतो आणि ऑस्टिओसार्कोमा त्यांना फारसा जुमानत नाही, हा भेद तेव्हापासून आजतागायत खरा ठरला आहे.

याच सुमारास रेडियमचे दुसरे रूपही उघडे पडत होते. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगविण्याचे कारखाने निघाले होते. रंगात रेडियम असे. कामाला बहुतेक तरुण मुली. कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून त्या ते ओठांत धरून ओढीत. रेडियमचा गुण असा, की शरीर त्याला चुनखडीच्या जातीचे समजून हाडांत नेऊन ठेवते. काही वर्षांत या मुलींचे जबडे कुजू लागले आणि पुढे कित्येकींना हाडाचा कर्करोग झाला. न्यू जर्सीतील वैद्यकीय अधिकारी हॅरिसन मार्टलंड यांनी १९२५ पासून ही प्रकरणे प्रसिद्ध केली आणि १९२९ च्या निबंधात या रंगारी मुलींच्या अस्थिकर्करोगाचेच वर्णन केले. ज्या द्रव्याने एका मुलीच्या हाडातली गाठ वितळविली, त्याच द्रव्याने दुसऱ्या मुलींच्या हाडांत ती उत्पन्न केली. किरणोपचाराच्या पुढच्या साऱ्या इतिहासाला हा दुपदरी धडा पुरला आहे.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांच्यावर परदेशात उपचार झाले होते. तशी सोय, विशेषतः रेडियमची, आपल्या देशातही असावी असे त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्या मनाने घेतले. पण १९३२ साली त्यांचेही निधन झाले. मागे राहिलेल्या विश्वस्तांनी ती इच्छा पुरी केली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. खाटा होत्या ८०. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आले आणि १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे सोपविण्यात आले. इस्पितळ आणि अणुशक्ती यांचा संबंध काय, असे वाटेल. पण ज्या शास्त्राला किरण निर्माण करता येतात त्याच्याच हाती किरणोपचाराची सोय असावी, या विचाराचे महत्त्व होमी भाभांनी ओळखले होते. १९६६ साली रुग्णालय आणि कर्करोग संशोधन केंद्र यांची मिळून एकच संस्था झाली.

हे रुग्णालय परळला झाले, ही आपल्या लोकांच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती. परळ, लालबाग, शिवडी हे गिरणगाव. आणि गिरणगावात कोकणातला, त्यात महाड-पोलादपूरकडचाही, चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला. एके काळी आपली माणसे दासगावच्या बंदरातून बोटीने मुंबईला जात. पुढे रस्ता झाला, एसटी आली, कोकण रेल्वेचे वीर स्थानक झाले. दूरच्या प्रांतातून परळला येणाऱ्या रोग्यापुढे पहिला प्रश्न राहण्याचा असतो. आपल्या रोग्याला चुलत्याची चाळीतली खोली किंवा गावकीची खोली असे. गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी उंच इमारती उठल्या आणि तो आधार पुष्कळ कमी झाला. आता दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था तो भार वाहतात. पाच-सहा आठवडे रोज चालणारा उपचार हा जसा यंत्राचा प्रश्न आहे, तसाच रात्री अंग टाकायला जागा मिळण्याचाही आहे, हे विसरता कामा नये.

त्या काळी ऑस्टिओसार्कोमा झालेल्या मुलाला काय देता येई? खरे सांगायचे तर एकच गोष्ट : पाय किंवा हात कापणे. आणि तो कापूनही पाचांतली सुमारे चार मुले दोन-तीन वर्षांत फुप्फुसात रोग पसरून जात. कारण रोग डोळ्यांना दिसेपर्यंत त्याचे बारीक कण रक्तावाटे पुढे गेलेले असत. या निराशेतून लंडनचे शस्त्रवैद्य सर स्टॅनफर्ड केड यांनी १९५० च्या दशकात एक पद्धत पुढे मांडली. प्रथम गाठीवर किरणांची मोठी मात्रा द्यायची आणि चार-सहा महिने थांबायचे. तेवढ्या अवधीत फुप्फुसात रोग दिसला, तर निदान त्या मुलाचा पाय तोडण्याचे क्रौर्य टळले. न दिसला, तर मग पाय काढायचा. याने वाचणाऱ्यांची संख्या फारशी वाढली नाही. पण मरणाच्या दारातल्या मुलाला विनाकारण पांगळे करू नये, एवढी माणुसकी तीत होती. किरणांचे काम येथे बरे करण्याचे नव्हते, वेळ मिळवून देण्याचे होते.

दरम्यान यंत्रे सुधारत होती. जुन्या क्ष-किरणांचा एक दोष असा, की त्यांची शक्ती कमी असल्यामुळे ते आजूबाजूच्या मांसापेक्षा हाडात कितीतरी अधिक शोषले जात. निरोगी हाड मरे, आणि आतल्या गाठीपर्यंत मात्रा पोचवायची तर वरची कातडी भाजे. १९५१ साली कॅनडात कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूची यंत्रे चालू झाली. त्यांचे किरण अधिक भेदक. ते कातडी राखीत आणि हाड व मांस यांत फारसा भेद करीत नसत. काही वर्षांत असे यंत्र मद्रासच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये आले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला 'अप्सरा' ही आपली पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली, आणि किरणोत्सर्गी द्रव्ये येथेच तयार करण्याची वाट मोकळी झाली. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' हे संपूर्ण देशी कोबाल्ट यंत्र बनविले. ज्या देशाला एके काळी रेडियमसाठी युरोपकडे पाहावे लागत होते, त्याने हे यंत्र पुढे परदेशांनाही दिले.

तथापि या रोगाचे भवितव्य पालटले ते किरणांनी नव्हे, औषधांनी. १९६८ साली मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातील हस्तू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युइंग सार्कोमाच्या मुलांना किरणांबरोबरच शिरेतून औषधे दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. १९७० नंतर ऑस्टिओसार्कोमावरही मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सिसप्लॅटिन ही औषधे लागू पडू लागली. शस्त्राची आणि किरणांची सत्ता जेथे ते पोचतात तेवढ्याच जागेवर; औषध रक्ताबरोबर सर्व देहात फिरते आणि पळून गेलेले कण गाठते. कॅनडाच्या टेरी फॉक्सचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. १९७७ साली, अठराव्या वर्षी, ऑस्टिओसार्कोमामुळे त्याचा पाय गेला. १९८० मध्ये कृत्रिम पायाने १४३ दिवस धावून त्याने पाच हजारांवर किलोमीटर तोडले आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमविला. १९८१ साली तो गेला. पण त्याची धाव ज्या संशोधनासाठी होती ते थांबले नाही. आज रोग पसरण्यापूर्वी हाती आला आणि पूर्ण उपचार झाले, तर दोन्ही प्रकारांत दहांपैकी सहा-सात मुले वाचतात. पूर्वी दोन वाचत, किंवा तेवढीही नाहीत.

औषधे आल्यावर किरणांचे स्थान काय राहिले? ते आकुंचन पावले, पण नेमके झाले. ऑस्टिओसार्कोमात आता प्रथम औषधे, मग गाठ असलेले हाड काढून तेथे धातूचा सांधा बसविणे, मग पुन्हा औषधे, असा क्रम असतो. पुष्कळ मुलांचा पाय त्यामुळे शाबूत राहतो. परदेशी सांधा परवडत नाही म्हणून टाटा रुग्णालयात देशी बनावटीचा सांधा वापरात आला. या प्रकारात किरण देतात ते जेथे सुरी पोचत नाही तेथे, जसे मणका, कवटीचा तळ, कमरेच्या हाडाचा आतला भाग. किंवा रोग हाडांत पसरून वेदना असह्य झाल्या असता. वेदनेवर तर एकाच दिवसाच्या मात्रेनेही कित्येकांना आराम पडतो. युइंग सार्कोमात मात्र किरण अजून मुख्य आयुध आहेत. गाठ पूर्ण काढता येत नसेल, किंवा काढल्यावर कडेला रोग उरला असेल, तर सुमारे सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, किरण देतात.

मग शस्त्रक्रिया शक्य असेल तेथे डॉक्टर ती का पसंत करतात? त्याचे उत्तर घड्याळे रंगविणाऱ्या मुलींच्या कथेत आहे. वाढत्या हाडाच्या टोकावर किरण पडले तर ते हाड पुढे वाढत नाही; दहा वर्षांच्या मुलाचा एक पाय विसाव्या वर्षी आखूड राहतो. शिवाय किरण दिलेल्या जागी दहा-वीस वर्षांनी नवा कर्करोग उद्भवण्याचा थोडा पण खरा धोका असतो. साठीच्या माणसाला हा हिशेब करावा लागत नाही. दहा वर्षांच्या मुलापुढे साठ वर्षे असतात, म्हणून त्याच्यासाठी तो करावाच लागतो.

येथे इतिहासाने एक सुंदर वळण घेतले आहे. १९६८ साली इस्रायलमधील स्पिरा आणि लुबिन यांनी एक कल्पना मांडली. किरणांनी शरीराला अपाय होतो ना? मग हाडच शरीराबाहेर काढा. गाठ असलेला हाडाचा तुकडा शस्त्रक्रियेत काढायचा, किरणांच्या यंत्राखाली धरून एकाच वेळी एवढी मात्रा द्यायची की त्यात जिवंत रोगपेशी उरू नये, आणि तोच तुकडा परत जागच्या जागी पट्ट्या-स्क्रूंनी बसवायचा. टाटा रुग्णालयातील शस्त्रवैद्यांनी ही पद्धत लांब हाडांच्या मधल्या भागातील रोगावर वापरली आणि २०१२ साली ३२ रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला. मात्रा ५० ग्रे. शरीरातल्या रोग्याला एका दिवसात एवढी मात्रा देणे अशक्य. मुलाचे स्वतःचे हाड, त्याच्याच मापाचे, विकत काही आणायचे नाही. आपल्यासारख्या देशाला हा मार्ग मोलाचा आहे. जो ऑस्टिओसार्कोमा साध्या मात्रेला जुमानत नाही, त्यालाही ही मात्रा पुरून उरते.

दुसरी नवी गोष्ट आपल्याच जिल्ह्यात झाली आहे. टाटा मेमोरियलचे संशोधन व उपचार केंद्र २००२ सालापासून पनवेल तालुक्यात खारघर येथे आहे, आणि २०२३ साली तेथे प्रोटॉन किरणांची सोय सुरू झाली. क्ष-किरण रोगावर पडून पलीकडेही जातात आणि वाटेतल्या निरोगी भागाला इजा करतात. प्रोटॉन ठरविलेल्या खोलीवर जाऊन आपली बहुतेक शक्ती तेथेच टाकतो आणि थांबतो. हे कर्करोगावर वापरावे ही सूचना अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ साली केली होती. मणक्याजवळ रोग असलेल्या वाढत्या मुलाला याचा विशेष उपयोग आहे. प्रत्येक रोग्याला ते लागत नाही आणि प्रत्येकाला मिळेल असेही नाही. पण महाडहून सुमारे दीडशे किलोमीटरांवर ते आहे, ही गोष्ट आपल्या कानावर असावी.

श्रोतेहो, या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचे सार आम्हांला असे दिसते. किरणांकडून प्रथम सर्व काही होईल असे वाटले. मग त्यांचे भय वाटले. अखेर कोठे ते द्यावेत आणि कोठे देऊ नयेत हे कळले. हे तिसरे ज्ञानच रोग्याच्या उपयोगी पडते. म्हणून 'शेक द्या पण पाय कापू नका', असा हट्ट डॉक्टरांपाशी धरू नये. तसेच 'शेक दिला म्हणजे आता काही आशा उरली नाही', असाही समज करून घेऊ नये. कोणता प्रकार, कोणते हाड, कोणते वय यांवर ते ठरते. गाठीचा तुकडा तपासल्यावाचून कोणताही उपचार सुरू होऊ नये. आणि तो तुकडाही शक्यतो जेथे पुढची शस्त्रक्रिया व्हायची तेथेच काढावा, कारण चुकीच्या जागी दिलेला छेद पुढे पाय वाचविण्याच्या आड येतो.

परंतु हे सारे मुंबईला पोचल्यानंतरचे. पोचण्याचा काळ आपल्या हाती आहे. मुलगा खेळताना पडतो, गुडघा सुजतो, आणि सूज त्या पडण्याचीच असे आपण धरून चालतो. हाडवैद्य चोळून देतो, लेप बांधतो. हाडवैद्याचे कसब खरे आहे. निखळलेला सांधा बसविणारे हात आपल्या डोंगरपट्ट्यात पुष्कळ आहेत. पण ही सूज चोळायची नसते. चोळण्याने रोग पसरण्याचा धोका वाढतो असे तज्ज्ञ सांगतात. ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. लागलेले दुखणे दिवसेंदिवस कमी होते; हे वाढत जाते. लागलेले दुखणे विश्रांतीने थांबते. हे मुलाला रात्री झोपेतून उठविते. एखादे हाड क्षुल्लक धक्क्याने मोडणे, ही तिसरी खूण. असे दुखणे दोन-तीन आठवड्यांपलीकडे गेले, की क्ष-किरणांचे एक छायाचित्र काढावे. ते महाडला निघते आणि त्याचा खर्च फार नाही. राँटगेन यांनी पत्नीच्या हाताचे घेतले होते त्याच जातीचे ते छायाचित्र. पुढच्या सगळ्या मोठ्या यंत्रांचा दरवाजा त्याच्यानेच उघडतो.

पैशाचे भयही पूर्वीइतके राहिलेले नाही. २०१२ साली राज्यात सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना कर्करोगावरील शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार यांना लागू आहे. शिधापत्रिका, ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी एवढे जवळ ठेवून निघावे. अर्ध्यावर उपचार सोडू नयेत. पहिल्या औषधांनी सूज उतरली की पोर बरे झाले असे वाटते, आणि घात होतो तो तेथेच.

उमरठपासून विन्हेऱ्यापर्यंतच्या एखाद्या वाडीत या वर्षी एखादे मूल गुडघा धरून रात्री उठत असेल, किंवा नसेलही. असेल तर त्याच्या शेजारी आज येथे बसलेल्यांपैकी कोणी राहत असण्याचा संभव आहे. त्याने शेजारधर्म म्हणून एवढेच सांगावे, की पाला उद्या बांधता येईल, आज छायाचित्र काढून घ्या.